इस्त्रीच्या दुकानातली बाटली

६ जानेवारी

नळासाठी पैसे देणाऱ्या निधीच्या मॅडमनी नोव्हेंबरात आमच्या बायकांच्या गटाला दोन वह्या दिल्या. लाल वही पाण्याच्या नोंदींची, तिच्यावर निधीचा शिक्का. निळी म्हणे बैठकांसाठी. आमच्या बैठकीत लिहून ठेवण्यासारखं काय असतं? कोणी बादली पुढे सरकवली, आणि थोरल्या जाऊबाईंचा आज कुठला गुडघा दुखतोय. तेव्हा निळी मी ठेवून घेतली. याला चोरी म्हणू नये, गटाची सचिव मीच आहे. दुपारी दुकानात कपडे कमी येतात, पण इस्त्रीच्या कोळशाची शेगडी विझवून चालत नाही. तेवढ्या वेळात लिहीन.

आधी नळाचं. निधीवाल्यांची अट अशी, की सामान त्यांचं, खणायचं आम्ही बायकांनी. वर टाकी, टाकीजवळ पंपाची खोली, तिथून खाली वस्तीपर्यंत पाइप. मधेच खडक लागला. पहार आपटून हातांना फोड आले, पण खडक काही हलेना. शेवटी आमच्या ह्यांनी डोकं चालवलं. हे प्लंबर आहेत, एरवी डोकं चालवत नाहीत, पाइप दिसला की चालवतात. म्हणाले, जुन्या गटाराच्या कडेकडेनं न्या, तिथली माती मऊ आहे. दोन दिवसांत चर तयार. आठ दिवसांचं काम वाचलं. मी चारचौघींत मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरच्या मध्यात नळ सुरू झाला. आता दुसरा हप्ता, संडासांचा. सहा संडास, प्रत्येकाला आतून कडी. सध्या आम्ही उजाडायच्या आत गोदामामागे जातो. एकीनं बसायचं, दुसरीनं राखण करायची. जाऊबाईंना खाली बसलं की उठता येत नाही, त्यांना दोघींनी धरून उठवावं लागतं. हप्ता कधी मिळणार, तर पाण्याच्या दहा बाटल्या लागोपाठ स्वच्छ निघाल्या की. दर आठवड्याला एक. खोकल्याच्या औषधाच्या असतात तेवढ्या बाटल्या, आत कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं झालं तर त्यात संडासाची घाण आहे असं समजायचं. मे महिन्यात शिकवणी झाली तेव्हा त्यांनी मुद्दाम गटाराचं पाणी भरून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर काळंकुट्ट. आम्ही सगळ्या तोंडाला हात लावून बसलो.

आमच्या सात स्वच्छ निघाल्यात. आठवी आज भरली आणि पंपाच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. काय गारठा आहे त्या खोलीत! कुलूप लावेपर्यंत बोटं आखडली.

८ जानेवारी

आठवी स्वच्छ. लाल वहीत लिहिलं, जाऊबाईंची अध्यक्ष म्हणून सही घेतली. सही करताना त्या जीभ बाहेर काढतात.

आणि आज लेक आली! चिमीला घेऊन. आठ महिन्यांची झाली आमची चिमी, गालांमुळे नाक दिसत नाही. मागे दोनदा बोलावलं तेव्हा लेकीच्या सासूबाईंनी पाठवलं नव्हतं. तुमच्याकडचं पाणी चांगलं नाही म्हणाल्या. तोंडावर म्हणाल्या. आता मी फोन करून सांगितलं, दारात नळ आहे, दर आठवड्याला तपासणी होते, आणि ती तपासणी मी स्वतः करते. मग काय बोलणार?

लेकीनं आल्या आल्या नळाखाली हात धरला आणि म्हणाली, "आई, हे बरं झालं बाई." महिनाभर राहणार आहे.

१३ जानेवारी

नववी बाटली. सत्तावीसला मॅडम येणार म्हणून जाऊबाईंनी पंपाची खोली रंगवायला काढली आहे. सगळीकडे चुना आणि शिडी. म्हटलं, कोणाचा धक्का लागून फुटायची, म्हणून बाटली दुकानात आणली आणि शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवली. इथे माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

ह्यांनी कामावर न्यायला नवा कॅन घेतला आहे. कामाच्या जागेवरून भरून आणतात आणि घरीही त्यातलंच पाणी पितात. मी म्हटलं, "स्वतः घातलेल्या नळाचं पाणी गोड लागत नाही का?" तर म्हणाले, "सवय झाली तिकडची." हौस, दुसरं काय.

१४ जानेवारी

काळी.

दुपारी गिऱ्हाइकाचा शर्ट काढायला हात वर केला आणि समोर ती. आधी वाटलं, मागे काहीतरी काळं ठेवलंय त्याचं दिसतंय. उचलून उजेडात धरली. काळी. इस्त्री शर्टावर तशीच राहिली, बाही जळली, तेही मला वासावरून कळलं.

दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं, कोणी बघू नये म्हणून. मग फडक्यात गुंडाळून जाऊबाईंकडे गेले.

त्यांनी बघितली, नाकाजवळ नेली, आणि एकदम म्हणाल्या, "कुठे ठेवली होतीस?"

"दुकानात."

"शेगडीवर?"

"शेगडीच्या वर, फळीवर."

"मग काय होणार, माझं कपाळ? दूध ठेव तिथे, तेही नासेल. बाटलीतलं औषध तापून बिघडलं. आत्ताच्या आत्ता दुसरी भर आणि नेहमीच्या जागी ठेव. रंगाऱ्याला मी बघते."

खरंच की! आठ बाटल्या गारव्यात ठेवल्या, आठही चांगल्या. एक धगीत ठेवली, तीच बिघडली. इतकं सरळ असून माझ्या डोक्यात आलं नाही. दुसरी भरून पंपाच्या खोलीत ठेवली. काळी बाटली कोळशाच्या पोत्यामागे टाकली आहे.

१६ जानेवारी

दुसरी स्वच्छ! जिवात जीव आला. नववी म्हणून तिचीच नोंद केली. आधीच्या काळ्या बाटलीबद्दल लाल वहीत काही लिहिलं नाही. बिघडलेल्या बाटलीची नोंद कशाला?

चिमीला कालपासून जुलाब होतायत. दात येत असतील. हिरड्या लाल दिसतात खऱ्या.

१८ जानेवारी

मी भित्री नाही. दारू पिऊन दुकानात आलेल्याला मी गरम इस्त्री दाखवून हाकललं आहे. पण दोन दिवस झाले, नळाला बादली लावली की नजर आपोआप पाण्याच्या धारेकडे जाते. पाणी अगदी नितळ आहे. वास नाही, चव नाही. तरी नजर जाते.

संशयाचं एकदा तोंड बंद व्हावं म्हणून आज आणखी एक बाटली भरली आणि मुद्दाम शेगडीच्या वर ठेवली. काळी झाली तर धगीनं होते हे पक्कं होईल. मग मी निवांत झोपेन.

१९ जानेवारी

झाली काळी. म्हणजे धगच. म्हणजे ठरल्याप्रमाणेच झालं. मग मला घाम का फुटला?

ह्यांना सांगितलं. जेवत होते. म्हणाले, "पाणी कुठल्या नळाचं घेतलंस? वरच्या, टाकीजवळच्या, की खालच्या?"

"खालच्या. आपल्या."

"वरच्या नळाचं घेऊन बघ," म्हणाले, आणि हात धुऊन टाकला. ताटात अर्धं अन्न तसंच. नंतर बॅटरी घेऊन चराकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पाइप गळतोय का बघत होतो म्हणाले. माझ्या काळजीनं बिचारे अन्न टाकून उठले.

२० जानेवारी

चिमीला काल दिवसभरात नऊ वेळा झालं. डोळे आत गेलेत. मांडीवर घेतली तर हाताला हलकी लागते. मी तिचे गाल बघत राहिले, ते कुठे गेले कळेना.

नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच खाली बसली नाही. मीठसाखरेचं पाणी घोटाघोटानं द्यायला सांगितलं. आणि निघता निघता दारातून म्हणाल्या, "पाणी उकळून देता ना?"

लेक म्हणाली, "नाही हो, इथे तपासलेलं आहे. आई स्वतः तपासते."

नर्सबाई माझ्याकडे बघून हसल्या. चांगल्या मनानं हसल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्या गेल्यावर मी मोठं पातेलं चढवलं. पाणी उकळत असताना डोक्यात आलं आणि हातातली पकड खाली पडली. धगीनं बाटली बिघडत असेल, तर उकळलेल्या पाण्याचीही बिघडेल. तिला काय कळतंय, आत कुठलं पाणी आहे?

पाणी निववलं. दोन बाटल्या भरल्या. एक नळाच्या पाण्याची, तिला लाल दोरा बांधला. एक उकळलेल्या पाण्याची, तिला पांढरा. दोन्ही शेगडीच्या वर, एकमेकींना चिकटून ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून मागतेय की दोन्ही काळ्या होऊ देत.

२१ जानेवारी

लाल दोरा काळी.

पांढरा दोरा स्वच्छ.

धग दोघींना सारखीच होती.

म्हणजे धगीनं बाटली बिघडत नाही. उलट गारठ्यात ती कामच करत नाही. मे महिन्यात उकाड्यानं जीव जात होता, तेव्हा एका दिवसात काळी झाली. पंपाच्या खोलीत मी विष ठेवलं असतं तरी ती स्वच्छच दिसली असती. लाल वहीतल्या नऊच्या नऊ नोंदी खोट्या, आणि त्या माझ्या अक्षरात आहेत.

चिमीच्या दुधात घालायला लेक ज्या तांब्यातून पाणी घेते तो मीच रोज भरून ठेवते.

२२ जानेवारी

चिमीला पहाटे दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं आहे. हाताची शीर सापडेना म्हणून डोक्याला सुई लावली. लेक बाहेर भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिला मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि चहा आणू का विचारलं.

तिथून तडक जाऊबाईंकडे गेले, दोन्ही बाटल्या घेऊन. सगळं सांगितलं. त्यांना कळलं. मुळात बाई हुशार आहेत. त्यांनी दार लावून घेतलं.

"आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग ऐक. एक बाटली राहिली. ती भर, पंपाच्या खोलीत ठेव, आणि गप बस. मॅडम येतील, सही करतील, संडासांचं काम सुरू होऊ दे. विटा पडल्या की कोणी परत नेत नाही. मग आपणच सांगू की पाण्यात दोष दिसतोय."

"ताई, पोरं पितायत ते पाणी."

"आणि गोदामामागे मी रोज मरतेय ते?" त्यांचा आवाज चिरकला. "परवा तिथे दोन माणसं उभी होती, ठाऊक आहे तुला? हलली नाहीत. मला उठता येत नव्हतं, आणि ती बघत होती. साठीची बाई मी."

मला हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या रडल्या, मीही रडले.

खरं लिहून ठेवते. मला त्यांचं पटलं. दहावी बाटली मी भरली आणि पंपाच्या खोलीत ठेवली. परतताना रस्त्यात जी बाई भेटेल तिला म्हणत होते, "थंडी फार आहे गं, पाणी उकळून पीत जा." एक म्हणाली, "कोळसा तू देणार का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. अशी मी.

२४ जानेवारी

आज दवाखान्यात लेकीसाठी डबा घेऊन गेले. लहान मुलांच्या खोलीत सहा खाटा. काल तिथे परकी माणसं होती, आज सगळी ओळखीची. दारापासची खाट दूधवाल्याच्या मुलीची. खिडकीजवळ रद्दीवाल्याचा नातू. त्याच्या पलीकडे, जिचे कपडे मी दर शनिवारी करते त्या शिक्षिकेची जुळी, एकाच खाटेवर. सगळी आमच्या वस्तीतली. सगळी खालच्या नळाची.

शिक्षिका मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आलात. पाण्याचं काही नाही ना हो? म्हणजे तुम्ही तपासता म्हणून विचारलं."

मी म्हटलं, "पाण्याचंच आहे."

तोंडातून निघून गेलं. ठरवलं नव्हतं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. लेकही बघत होती. मग सांगितलंच, बाटल्यांचं, शेगडीचं, दोऱ्यांचं. दूधवाला म्हणाला, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"एकवीस तारखेपासून."

त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता आपल्या मुलीकडे वळला. लेकीनं डबा घेतला नाही.

तिथून पळत घरी आले. हे दारातच होते. मी म्हटलं, पाइपची मुख्य चावी बंद करायची आहे, पाना द्या. ह्यांनी का म्हणून विचारलं नाही. पाना आधीच हातात होता. माझ्याबरोबर वर आले, चावी फिरवली, तिचं चाक काढून माझ्या हातात दिलं, आणि तिथेच दगडावर बसून म्हणाले, "जोड गटाराच्या बाजूलाच आहे. पंप बंद असला की पाइप रिकामा असतो, तेव्हा गटाराचं पाणी आत झिरपतं. मला वाटलं होतं, इतकं नाही येणार."

"कधी वाटलं होतं?"

"डिसेंबरात. जोड ओला दिसला."

डिसेंबरात. कॅन कधी घेतला ते वर लिहिलेलंच आहे. मी त्याला हौस म्हटलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या बाटल्या स्वच्छ निघत होत्या ना! म्हटलं, मलाच उगीच वाटतंय."

मी ह्यांना काय बोलले ते लिहीत नाही. पण बोलून झाल्यावर शेजारच्या दगडावर बसले. उठून जाणार कुठे? आम्ही दोघंही सारखेच.

संध्याकाळच्या पाण्याला बायका आल्या. नळ कोरडा. मी चाक हातात धरून उभी राहिले आणि परत सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या. एकीनं बादली फेकली, कोपराला लागली. जाऊबाई मागे उभ्या होत्या. मग वळून हळूहळू घरी गेल्या.

मॅडमना फोन करायचा राहिला. खरं म्हणजे केला नाही. त्या सत्तावीसला येणारच आहेत. समोरासमोर सांगितलेलं बरं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि त्यांनी फोनवरच हप्ता रद्द म्हटलं तर मी काय करू? तीन दिवसांनी काय बिघडतंय, आमचा नळ तर बंद आहे.

२६ जानेवारी

चिमीनं आज डोळे उघडे ठेवले. सुई काढायला आलेल्या नर्सचं बोट धरलं आणि सोडेना. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत घरी न्या. दूधवाल्याची मुलगीही उठून बसली. जुळ्यांतलं एक अजून मलूल आहे.

लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. "टॉवेल दे." "झाकण लाव." मी टॉवेल देते, झाकण लावते.

हे आणि आणखी चौघं कालपासून खडक फोडतायत, जिथून पाइप आधीच न्यायला हवा होता तिथे. बायकाही पहार घेऊन जातात. माझ्याशी कोणी बोलत नाही, पण माझ्या हातातली पहारही कोणी काढून घेतली नाही.

२७ जानेवारी

मॅडम आल्या. गाडीतून उतरताना हसत होत्या, हातात मंजुरीचा कागद होता. मला भडभडून आलं. त्यांना रंगवलेल्या पंपाच्या खोलीत नेलंच नाही, सरळ दुकानात आणलं आणि स्टुलावर बसवलं. दहावी बाटली, पंपाच्या खोलीतली, स्वच्छ. तिच्याशेजारी त्याच दिवशी त्याच नळाचं पाणी भरून मी गुपचूप शेगडीवर ठेवलेली, काळी. लाल दोरा, पांढरा दोरा. सगळ्या ओळीनं मांडल्या.

इस्त्रीच्या टेबलाला धरून बोलले. शेवटी म्हटलं, "माझ्या नऊही नोंदी खोट्या आहेत. गटाला शिक्षा नको, मला करा."

मॅडम चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "सूचनांचा कागद आहे?"

लाल वहीच्या पुठ्ठ्यात होता तो काढून दिला. झेरॉक्स. त्यांनी वाचला. मग उलटा केला. मागची बाजू कोरी होती. परत सुलटा केला, परत उलटा केला.

"मूळ कागदाला मागची बाजू आहे," त्या म्हणाल्या. "बाटली उबदार जागी ठेवावी, थंडीत अंगाशी बांधून ठेवावी, असं मागे लिहिलेलं आहे. ऑफिसात झेरॉक्स काढताना एकच बाजू काढली."

"मग आमची चूक नाही?" जाऊबाई दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नव्हतं.

मॅडम कागद हातात धरून म्हणाल्या, "हीच झेरॉक्स सगळ्या गटांना गेली. चोवीस गट आहेत. नोव्हेंबरपासून एकाही गटाची बाटली काळी झालेली नाही. मी अहवालात लिहिलं आहे तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

हप्त्याचं काय, हे जाऊबाईंनी विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही. मला आत्ता काहीच माहीत नाही." मग माझ्या फळीकडे बघत म्हणाल्या, "इथे किती बाटल्या राहतील?"

२९ जानेवारी

काल दिवसभर निधीच्या गाड्या गटागटांतून फिरल्या. संध्याकाळी खोक्यातून तेवीस बाटल्या आल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, गटाचा नंबर आणि तिथल्या सचिवबाईंचा फोन. मॅडम म्हणाल्या की मोठ्या तपासणीच्या जागी पाठवायचं तर आठवडा जाईल, इथे दोन दिवसांत कळेल. मी ह्यांच्याकडून आणखी एक फळी ठोकून घेतली.

चिमी घरी आली. दुकानातच लेकीच्या मांडीवर आहे. लेक मगाशी आपणहून म्हणाली, "आई, शेगडी जरा पुढे घे, त्या टोकाच्या बाटल्यांना ऊब लागत नाहीये." एवढंच बोलली. मी शेगडी पुढे घेतली.

सकाळपासून खाली मान घालून इस्त्री करतेय. वर बघवत नाही. आज कोणाची कॉलर सरळ आली असेल तर नशीब.

दुपारी एक वाजता बघितलं. सहा काळ्या.

तीन वाजता अकरा.

मॅडमना फोन केला. त्या दुसऱ्या टोकाच्या गटात होत्या, यायला चार तास लागणार. म्हणाल्या, तोपर्यंत थांबू नका, चिठ्ठीवर नंबर आहेत, तुम्हीच फोन करा, चावी बंद करायला सांगा आणि पाणी उकळायला सांगा. मी म्हटलं, माझं कोण ऐकणार? म्हणाल्या, "मी इस्त्रीवाली बोलतेय असं सांगा. तुमचं काय झालं ते सांगा. ऐकतील."

पहिल्या बाईंनी ऐकलं, घाबरल्या, लगेच पळाल्या. दुसरीनं मला वेड्यात काढलं. तिसरीला तीनदा सांगावं लागलं. चौथ्या, नंबर सतराच्या, सचिवबाई फार शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर मी विचारलं, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?"

त्या म्हणाल्या, "आहेत तिघं. चौथं गेलं. माझ्या दिराचा मुलगा, दीड वर्षाचा. आम्हाला वाटलं, थंडी बाधली."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "कधी?"

"पंचवीसला. सकाळी बरा होता, पाणी मागत होता सारखं. आम्ही देत होतो."

चोवीसला माझ्याकडे मॅडमचा नंबर होता, फोन चालू होता, आणि मी इथेच बसून लिहीत होते.

मी त्यांना चावी बंद करायला सांगितलं. त्या बरं म्हणाल्या. वर म्हणाल्या, "कळवलंत, बरं केलंत." मी फोन ठेवला. लेकीनं विचारलं, काय झालं. तिला पुढच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला सांगितली. तिनं नंबर वाचला आणि मी लावला.